सादळलेल्या पापडांचा हिशोब



परवा धाकटी कॉलेजातून आली ती प्रोजेक्टचा विषय घेऊनच. ‘विकसनशील अर्थव्यवस्थांमधील शाश्वत व सामाजिक उद्योजकता’. नाव वाचतानाच मला धाप लागली. ती बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी उडदाची डाळ निवडत बसले होते. माझ्यासमोर बसकण मारून म्हणाली, “आई, सोपं आहे गं. लिज्जत पापडवर लिहिते आणि शेवटी तुमच्या गटाचं उदाहरण देते. तुमचा एक फोटो दे फक्त.”

मी म्हटलं, “फोटो देते. पण उदाहरण द्यायचं असेल तर २०१७ सालचा पावसाळासुद्धा लिहावा लागेल.”

तिला तो पावसाळा ठाऊक नाही. तेव्हा ती पाचवीत होती. मग डाळ निवडता निवडता तिला जे सांगितलं, तेच आज इथे लिहिते आहे. आमच्या गटाबद्दल मी याआधी दोन-तीनदा लिहिलंय. वाचून कौतुकही केलंत तुम्ही. पण ही गोष्ट मी तेव्हा लिहिली नव्हती.

आमचं गाव कृष्णाकाठचं. २०१५ च्या पाडव्यानंतर आम्ही पाच जणींनी प्रत्येकी दोन हजार रुपये घालून पापडाचं काम सुरू केलं. पाचही घरं बस्तीच्या आसपासची. (बाहेरच्या मैत्रिणींसाठी: आमच्याकडे जिनमंदिराला बस्ती म्हणतात.) डाळ दळून आणायची, पापडखाराचं पाणी उकळून गार करायचं, हिंग, मिरी घालून घट्ट पीठ भिजवायचं आणि तेलाचा हात लावून कुटायचं, हे आमच्याकडे. लाटायला आणखी सहा जणी घेतल्या. त्या सकाळी पीठ वजन करून घेऊन जायच्या, घरी दोऱ्याने लाट्या कापायच्या, लाटायच्या, वाळवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायच्या. किलोमागे तीस रुपये लाटणावळ.

सासूबाईंनी त्या वेळी प्रतिमा घेतलेल्या होत्या. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात अशी काटेकोर पाळणाऱ्या बाईच्या ताटात महिन्याचा पापड कुठून येणार? एकही पापड त्यांनी तोंडात घातला नाही. पण पीठ कुटताना शेजारी बसून, बोटाने दाबून “अजून चिवट नाही झालं, कुट” असं सांगायच्या त्याच. त्यांनी न चाखलेल्या पापडाची चव गावात सगळ्यांना आवडायची, हे एक गंमतच.

पिशवीवर आम्ही सांगलीहून छापून आणलं होतं: ‘भगिनींनी चालवलेला भगिनींचा उद्योग’. हे वाक्य मीच सुचवलं होतं. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरचा एक नियम होता. आषाढ लागला की पापड बंद. चातुर्मासाच्या आधी पोळपाट-लाटणी धुऊन वर ठेवायची. यात धर्म आहे तसा व्यवहारही आहे. दमट हवेत पापड सादळतो आणि सादळला की बुरा धरतो. पण २०१७ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या प्रदर्शनात एका दुकानदाराला आमचे पापड आवडले आणि त्याने एकदम १२० किलोची ऑर्डर दिली. माल जुलैच्या मध्यापर्यंत हवा होता. आमच्यातल्या एकीने विचारलं, “पाऊस?” आम्ही चौघी म्हणालो, “बघू.” खरं सांगायचं तर आकडा बघून डोळे दिपले होते.

शेवटचे नऊ दिवस पाऊस थांबला नाही. सहाही जणींच्या घरात बाजेखाली, दोरीवर, देवळीत, मिळेल तिथे पापड. कोणाकडे पंखा होता, कोणाकडे नव्हता. हाताला कोरडे लागत होते म्हणून भरले आणि पाठवले. तीन आठवड्यांनी फोन आला. ४४ किलो पापडांना बुरा आलेला होता. ते खोके परत आले आणि उरलेल्या मालाचे पैसे दोन महिन्यांनी मिळतील असा निरोपही. पैसे लांबवले ते सोडलं तर त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

खोकी उघडली तेव्हा सासूबाई सामायिकातून उठून आल्या. एक पापड उजेडात धरून बघितला आणि एवढंच म्हणाल्या, “उन्हात टाकू नकोस. सावलीत, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी ठेव.” बुरशी म्हणजे अनंत जीव, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. परसात चिंचेखाली कोपऱ्यात ४४ किलो पापड ठेवून आम्ही पाच जणी आत येऊन बसलो आणि हिशोब मांडला.

आणि तिथे आम्ही जे केलं ते मी वहीत माझ्या अक्षरात लिहिलं, कारण खजिनदार मीच. पुण्याचे पैसे येईपर्यंत लाटणावळ थांबवायची. जो माल परत आला त्याची लाटणावळ द्यायचीच नाही, कारण ‘नीट वाळवले नाहीत’. कोणी वाईट हेतूने बोललं नाही. सगळ्यांना ते न्यायाचंच वाटलं. आपले दहा हजार अडकलेत, मग त्यांनी थोडं थांबायला काय हरकत आहे? पावसाळ्यात ऑर्डर घेण्याचा निर्णय त्या सहा जणींनी घेतलाच नव्हता, एवढी साधी गोष्ट पाचही डोक्यांत आली नाही.

शेवटच्या गल्लीतल्या वहिनींनी त्या नऊ दिवसांत सदतीस किलो लाटले होते. नवरा गेलेला, दोन मुलं. त्यांचे अकराशे दहा रुपये व्हायचे. त्या दोनदा आल्या. पहिल्यांदा मी सांगितलं, पुण्याचे आले की देते. दुसऱ्यांदा म्हटलं, “वहिनी, परत आलेल्यांत तुमचेही आहेत की.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, “बरं” म्हणाल्या आणि गेल्या. तिसऱ्यांदा आल्या नाहीत.

पुढे भाद्रपदात दशलक्षण पर्व. आमच्या बस्तीत दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय समजावून सांगतात, तसा सातव्या दिवशी सातवा अध्याय होता, व्रतांचा. प्रत्येक व्रताचे अतिचार, म्हणजे व्रत मोडत नाही पण त्याला डाग लागतो अशा गोष्टी, पंडितजी एकेक सांगत होते. अहिंसेचे पाच. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि पाचवा अन्नपाननिरोध. आपल्यावर अवलंबून असणाऱ्याचं अन्नपाणी अडवणं. पंडितजींनी उदाहरण बैलांचं दिलं. भर उन्हात औत थांबवून आपण जेवतो आणि बैलाला पाणी दाखवत नाही. वीस वर्षं मी तोच अध्याय ऐकत होते आणि वीस वर्षं तो बैलांबद्दलच होता.

त्या दिवशी माझं एकासन होतं. बसल्या बसल्या मनात आलं की मी माझ्या मर्जीने एकदा जेवते आहे. मग पुढचं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर कपाटातले घरखर्चाचे पैसे घेऊन शेवटच्या गल्लीत गेले. वहिनी दारात गोधडीला टाके घालत होत्या. मी काय बोलावं ते ठरवून गेले होते, पण त्याची वेळच आली नाही.

“सदतीस किलो,” त्याच म्हणाल्या. “अकराशे दहा.”

“आणलेत.”

त्यांनी मोजून घेतले. पदरात बांधले. मग विचारलं, “आन् बाकीच्या पाच जणींचं?”

मैत्रिणींनो, मी फक्त त्यांचेच आणले होते. मला रात्रभर झोप त्यांच्या एकटीच्या आठवणीने लागली नव्हती, म्हणून त्यांच्यापुरतं निस्तरायला निघाले होते मी. “देते” म्हटलं. आणि विचारलं, कामाला परत कधी येताय?

“रोजच्या रोज पैसं मिळत असतील तर यीन,” त्या म्हणाल्या. “आन् ताई, पिशवीवर लिवलंय न्हवं, भगिनींचा उद्योग. माझी पोरगी वाचती आता. तिनं इचारलं, आई, तूबी मालकीण हाईस का? काय सांगू तिला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लिज्जतची माहिती मी शोधून वाचली ती त्या दिवाळीत, या प्रश्नामुळे. नाव लहानपणापासून ऐकलेलं, पण आत काय आहे ते माहीत नव्हतं. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, साठ वर्षांनी. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हे सगळं बऱ्याच ठिकाणी छापून आलेलं असतं, सात बायका आणि ऐंशी रुपये. ऐकायलाही छान वाटतं. पण मी अडकले ते दुसऱ्याच दोन-तीन गोष्टींवर.

एक म्हणजे पाऊस! पहिल्या वर्षी त्यांनाही पावसाळ्यात चार महिने काम थांबवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक बाज आणि एक स्टोव्ह घेतला. बाजेवर पापड, खाली स्टोव्ह. वाचून मला हसू आलं आणि रडूही. माझ्या घरात बाज होती, स्टोव्हही होता. पावसाने माल बिघडू नये याची जबाबदारी त्यांनी धंद्यावर घेतली. आम्ही ती लाटणारणीच्या घरावर टाकली, जिथे कधी कधी पंखाही नव्हता.

दुसरी गोष्ट छगनबाप्पांच्या सल्ल्याची. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांनी सांगितलं की एकच करा, उत्तम करा. हिशोब चोख ठेवा. आणि तोटा आला तरी देणग्या मागायच्या नाहीत. हे शेवटचं आपल्यासारख्यांना जरा अवघड जातं. आपल्याकडे दानाचा मोठा महिमा आहे. गरीब बाईला साडी-चोळी, तिच्या मुलाला वह्या, हे आपण आनंदाने करतो. मीही त्या वर्षी वहिनींच्या मुलीला दप्तर दिलं होतं, जूनमध्ये. आणि जुलैमध्ये तिच्या आईचे अकराशे दहा रुपये अडवले. दप्तराच्या वेळी मला जे पुण्य वाटलं होतं त्याचं काय करायचं हे अजून माझं मलाच कळलेलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बाई मालकीण असते. तिथे ‘कामगार’ हा शब्द नाही, बहीण म्हणतात. सभासद फक्त बायका. पुरुष हिशोबनीस, गाडीवान वगैरे नोकरीवर असू शकतात, मालक नाहीत. पीठ शाखेत तिंबलं जातं म्हणजे चव सगळीकडे एक राहते. बहिणी ते सकाळी घरी नेतात, लाटून दुसऱ्या दिवशी आणतात, माल तपासला जातो आणि लाटणावळ, ज्याला त्या वणाई म्हणतात, हातात पडते. नफा झाला तर सगळ्यांना सारखा वाटून, कधी रोख, कधी सोन्याच्या नाण्याच्या रूपात. आणि तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. १९६६ साली संस्था रीतसर नोंदली गेली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज जवळजवळ पंचेचाळीस हजार बहिणी आहेत.

आता बघा. पीठ नेणं, लाटून आणणं, वजन करणं, आमचं अगदी तसंच चाललं होतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक सांगता आला नसता. फरक एवढाच की आमच्याकडे नफा पाच जणींचा होता आणि तोटा अकरा जणींचा. खरं तर सहा जणींचाच.

धाकटीने इथे मला अडवलं. म्हणाली, “पण आई, आमच्या मॅडम म्हणतात घरी बसून लाटायचं काम म्हणजे बायकांना घरातच ठेवणं. मोबदला नगावर, पाठ-मान दुखते ती वेगळी.” हे खोटं नाही. दिवसाला चार-पाच किलो लाटून बघा म्हणजे कळेल. माझे खांदे अजून सांगतात. पण शेवटच्या गल्लीतल्या वहिनींना त्या वेळी घराबाहेर जाता येत नव्हतं, कारण धाकटा दोन वर्षांचा होता. त्यांच्यासाठी पर्याय लाटणं किंवा नोकरी असा नव्हता. लाटणं किंवा काहीच नाही, असा होता. मॅडमचं म्हणणं लिही, मी धाकटीला म्हटलं, पण हेही लिही.

तिने इंटरनेटवरून आणखी बरंच काढलं होतं. बांगलादेशातली ग्रामीण बँक, मुहम्मद युनूस यांना २००६ साली मिळालेला शांततेचा नोबेल, बायकांना बिनतारण छोटी कर्जं. ते मोठंच काम. पण त्याच धर्तीची कर्जं आपल्याकडे आंध्रात कशी वाटली गेली, एकाच बाईवर तीन-तीन कंपन्यांचे हप्ते कसे चढले आणि २०१० साली सरकारला अध्यादेश काढून वसुलीला लगाम कसा घालावा लागला, हेही तिला सापडलं. कर्ज देणारा म्हणतो मी सामाजिक काम करतो. पण बाईची शेळी मेली तर हप्ता कोणाचा? झेपणार नाही एवढं ओझं लादणं हा चौथा अतिचार, तो मला इथे आठवला. धाकटी म्हणाली, “हे मी प्रोजेक्टमध्ये लिहू शकत नाही गं.” बरं, नको लिहूस.

आमच्या जवळचं उदाहरण मला जास्त आवडतं, म्हसवडच्या माणदेशी बँकेचं. चेतना सिन्हा आणि माणच्या दुष्काळी भागातल्या बायकांनी बँकेचा परवाना मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्जावर बऱ्याच जणींचे अंगठे होते. बायका शिकायला बसल्या. पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही नुकतं लिहायला शिकलोय, पण व्याज तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली बँक सुरू झाली. व्याज तोंडी काढणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. “सदतीस किलो, अकराशे दहा” हे वहिनींनी कुठल्याही वहीत बघून सांगितलं नव्हतं.

आता आमचं पुढे काय झालं ते सांगते, फार लांबवत नाही. सहाही जणींचे पैसे त्याच आठवड्यात दिले, परत आलेल्या मालाचेही. मग बैठक घेतली, पहिल्यांदाच अकरा जणींची. अकराही मालकिणी. नव्या सहा जणींनी दोन-दोन हजार एकदम कुठून आणायचे? किलोमागे दोन रुपये वळते करत दोन वर्षांत त्यांचा भाग पुरा झाला. लाटणावळ रोजच्या रोज, त्यासाठी गटाच्या नावावर बँकेतून उचल घेतली. जुन्या पाचांतली एक, आमच्या नात्यातलीच काकू, गट सोडून गेली. “सगळ्याच मालकिणी झाल्या तर काम कोण करणार?” असं तिचं म्हणणं. तिच्या जागी आणखी एक लाटणारी आली. काकूशी वर्षभर बोलणं नव्हतं. आता आहे, पण पापडाचा विषय निघत नाही.

आणि एक पेटी केली. जुना पितळी डबा आहे, त्याला सगळ्या पावसाची पेटी म्हणतात. विकलेल्या प्रत्येक किलोमागे पाच रुपये त्यात. माल सादळला, पार्सल हरवलं, गिऱ्हाइकाने पैसे लांबवले, तर लाटणावळ थांबत नाही, पेटीतून जाते. त्यासाठी पापड किलोमागे दहा रुपयांनी महाग केला. काही गिऱ्हाइकं तुटली, तीही ओळखीचीच. “तुमच्याच गल्लीत स्वस्त मिळतात” असं मला बस्तीच्या पायरीवर ऐकवून गेली. पेटीची किल्ली शेवटच्या गल्लीतल्या वहिनींकडे.

सात वर्षं पेटी साठत गेली, अधूनमधून थोडी उघडली. खरी उघडली ती २०२५ च्या मे महिन्यात. आठवतंय ना तुम्हाला? ऐन वाळवणाच्या दिवसांत पाऊस आला आणि थांबेचना, मे महिन्यातच मान्सून येऊन टेकला. गच्चीवर घातलेलं सगळं गेलं. आषाढात पापड बंद हा आमचा नियम आम्ही पाळला, पण आषाढच वैशाखात आला तर काय करणार? बाकी गावात उन्हाळी कामं करणाऱ्या कित्येक बायकांचे पैसे बुडाले. आमच्या अकरा जणींना रोजची लाटणावळ मिळाली. पण पेटी तळाला गेली.

तेव्हापासून सोलर ड्रायरची चर्चा चालू आहे. संभाजीनगरकडे एस४एस नावाची कंपनी आहे. शेतकरी बायका त्यांचे सौर वाळवणी यंत्र कर्जावर घेतात, कंपनी भाजी पुरवते आणि वाळवलेली परत विकत घेते. २०२३ साली त्यांना अर्थशॉट पुरस्कार मिळाला. तिथे मुख्य माल कांदा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात निरुपयोगी, पण यंत्राला काय त्याचं! अडचण वेगळीच आहे. उडदाचा पापड कडक उष्णतेत पटकन वाळला की कडा वळतात आणि तळताना तुटतो, त्याला आधी सावली लागते. शिवाय यंत्राचं कर्ज काढायचं तर पुन्हा तोच प्रश्न: ढगाळ हवेत यंत्र पडून राहिलं तर हप्ता कोण भरणार? अकराही जणी, हे आता कोणी विचारतही नाही. पण अकरा जणींत चार अशा आहेत की त्यांना महिन्याला शंभर रुपयेही जड जातात. मी म्हणते थांबू. वहिनी म्हणतात, “पावसानं कधी थांबून घेतलंय?”

धाकटीने प्रोजेक्ट लिहिला. कॉलेजच्या ठरलेल्या तक्त्यात ‘लाभार्थी’ असा रकाना होता. तिने लिहिलं, ‘११ महिला’. त्याच वेळी वहिनी पीठ न्यायला आल्या होत्या. त्यांनी वाकून वाचलं आणि विचारलं, “लाभार्थी म्हंजे? रेशनकार्डावर असतंय तसलं?” धाकटीने समजावून सांगितलं. वहिनींना ते पटलं नाही. पिठाचा गोळा काट्यावर ठेवून आधी वजन बघितलं, माझ्याकडून वहीत टिपून घेतलं आणि जाता जाता तिला म्हणाल्या, “दुसरा कायतर शब्द बघ.” धाकटी अजून शोधते आहे. कोणाला सुचला तर कळवा.

रविवारी जेवणं आवरली की दुपारी ड्रायरसाठी बैठक आहे. पेटीत या घडीला दोन हजार तीनशे चाळीस रुपये आहेत. आषाढाला अजून अडीच महिने आहेत, म्हणजे पंचांगाप्रमाणे.